आवाज 'त्यांचा' नाही, स्लॅबचा आहे

मागच्या पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याला, चेण्याच्या बाजूच्या एका सोसायटीतून आम्हाला फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या बौद्ध कुटुंबाला कमिटीने लेखी नोटीस दिली होती. पहाटे कुटण्याचा आवाज, मोठ्याने प्रार्थना म्हणण्याचा आवाज, मुलांच्या धावण्याचा आवाज अशी यादी होती, आणि खाली एक ओळ होती : 'वस्तीतील सवयी सोसायटीत चालणार नाहीत.' सुधारणा न झाल्यास पुढील कारवाई करण्यात येईल, वगैरे.

आवाजाबद्दलच्या तक्रारपत्रात 'वस्ती' हा शब्द कशाला लागतो? डेसिबलला वस्ती नसते, जात नसते. तो शब्द आला म्हणजे पत्र आवाजाबद्दल राहिलं नाही, माणसांबद्दल झालं. म्हणून आम्ही गेलो.

घरात आजी, नवरा-बायको आणि दोन मुलं. नवरा टेम्पो चालवतो, ताई मीरा रोडला एका लॅबमध्ये कामाला. काशीमिऱ्याच्या भाड्याच्या खोलीतून वीस वर्षांचं कर्ज काढून इथे आलेले. कुटण्याचं विचारलं तर आजी म्हणाल्या, "पाटा-वरवंटा गावीच ठेवून आलो बाबा, एवढ्याशा ओट्यावर ठेवायचा कुठं? मिक्सर आहे, तो पण सून आठ वाजता लावते." मग पहाटे पाच वाजता धप्प-धप्प होतं ते काय?

रविवारी पहाटे आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर, तक्रार करणाऱ्या काकांच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. काका बँकेतून निवृत्त झालेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. आमच्या सांगण्यावरून वरचं अख्खं कुटुंब मुलांसकट जिन्यात येऊन बसलं, घराला कुलूप. पाच वाजून दहा मिनिटांनी धप्प. पुन्हा धप्प. काका छताकडे बघत राहिले. आम्ही जिन्याने आवाजाच्या मागे गेलो, तेव्हा तो पाचव्या मजल्यावर, तेही शेजारच्या फ्लॅटमध्ये निघाला. कमिटीतल्याच एका सदस्याचा मुलगा भरतीची तयारी करत होता आणि डंबेल लादीवर ठेवत होता. मुलाची काही चूक नाही, मेहनत करतोय. पण त्याला नोटीस गेली नाही, आणि त्याच्या सवयींना कुणी वस्तीचं नाव दिलं नाही.

काकाही खोटं बोलत नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. झोप उडालेला माणूस होता. आवाज खरा होता, आरोपी चुकीचा होता. आवाज आला की आधी बघायचं 'ते' कुठल्या मजल्यावर राहतात, ही सवय त्यांनी शोधून काढलेली नाही, त्यांना ती आयती मिळाली आहे.

आता त्या आवाजाचं शास्त्र थोडं समजून घेऊ, कारण ते आपल्याला माहीत नसतं आणि तिथेच आपण मार खातो. इमारतीत आवाज दोन वाटांनी जातो. बोलणं, गाणं, टीव्ही हा हवेतून जाणारा आवाज. तो जड भिंतीला आणि जाड स्लॅबला बऱ्यापैकी अडतो. दुसरा आदळण्याचा : पावलं, खुर्ची ओढणं, भांडं पडणं, डंबेल. तो थेट काँक्रीटमध्येच शिरतो, आणि स्लॅब, बीम, कॉलम सगळं एकसंध ओतलेलं असल्यामुळे खाली, बाजूला, तिरपा कुठेही जाऊन निघतो. म्हणूनच पाचव्यावरचा आवाज तिसऱ्यावर 'डोक्यावरच' वाटला. नुसतं काँक्रीट वाढवून तो फारसा थांबत नाही. त्याला लादी आणि स्लॅब यांच्यामध्ये रबर, कॉर्क किंवा खनिज लोकरीसारखा मऊ थर लागतो. तो थर इमारत बांधताना घालायचा असतो. आपल्याकडे बिल्डर स्लॅबवर माल पसरतो, वर टाइल ठोकतो आणि ब्रोशरमध्ये 'व्हिट्रिफाइड फ्लोअरिंग' लिहितो.

इंग्लंडमध्ये २००३ पासून नवीन इमारतीत ताबा देण्याआधी मजल्यांची चाचणी घ्यावी लागते. जमिनीवर ठराविक हातोड्या आपटणारं यंत्र ठेवतात आणि खालच्या घरात आवाज मोजतात. तो ६२ डेसिबलच्या वर गेला तर इमारत नापास. आपल्याकडेही ध्वनिरोधनाचं भारतीय मानक १९६२ सालचं आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत त्यावर स्वतंत्र विभाग आहे. पण भोगवटा प्रमाणपत्र देताना कुठली महापालिका आवाज मोजायला येते? २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, पण ती घराबाहेरच्या वातावरणाची. दोन घरांमधल्या स्लॅबबद्दल बिल्डरला कुणी जाब विचारत नाही. मग जाब विचारायला उरतो तो वरच्या मजल्यावरचा माणूस. बिल्डरने वाचवलेल्या पैशाचं भांडण दोन कर्जदार आपापसात करतात, आणि त्यातला एक बौद्ध असला की भांडणाला जातीची धार येते. बिल्डर मात्र पुढच्या प्लॉटवर पोचलेला असतो.

आणखी एक. दिवसाच्या झोपेचं काय? आपल्या समाजातली कितीतरी माणसं रात्री काम करतात. सफाई कामगार, वॉर्डबॉय, वॉचमन, आया. ती सकाळी नऊला झोपतात. त्यांच्या डोक्यावर दिवसभर ड्रिल चालतं, फर्निचरचं काम चालतं, आणि ते तक्रार करत नाहीत, कारण दिवसा झोपण्याचा हक्क कुठल्याच सोसायटीच्या नियमावलीत नसतो. शांतता कुणाच्या घड्याळाप्रमाणे मोजायची, हा प्रश्न आमच्या समाजशास्त्राच्या वर्गात कधी आला नाही. यायला हवा होता.

परत काकांकडे येऊ. डंबेलचा उलगडा झाल्यावर त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, "पण प्रार्थना तर यांचीच ना? बाथरूममध्ये शब्दन्‌शब्द ऐकू येतो. त्रिसरण मला आता पाठ झालंय." सगळे हसलो. मग आम्ही बाथरूममध्ये गेलो. फॉल्स सीलिंगची एक पट्टी सरकवून मोबाइलच्या बॅटरीने पाहिलं. वरून येणाऱ्या ड्रेनेज पाइपभोवती स्लॅबला मनगट जाईल एवढी फट होती. तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते आणि वरच्या बाजूने पांढऱ्या सिमेंटचा पातळ लेप होता. शब्दन्‌शब्द येत होता तो तिथून.

आम्हाला खरं सांगायचंय ते इथून पुढे. जिथून त्रिसरण येतं, तिथून धूरही येतो. आदळण्याचा आवाज काँक्रीटमधून येतो हे खरं, पण शेजाऱ्याचं बोलणं जर शब्दासकट ऐकू येत असेल तर मजल्यात कुठेतरी भोक आहे. आणि आगीत माणसं बहुतेक वेळा जळून मरण्याआधी धुराने मरतात. म्हणजे काकांच्या घरात चार वर्षं एक धोक्याची घंटा वाजत होती, आणि कमिटीने घंटेचा अर्थ लावला : वरचे लोक मोठ्याने प्रार्थना करतात.

स्लॅब हा आगीच्या विरोधातला पडदा आहे. आयएस ४५६ हे २००० सालचं काँक्रीटचं मानक सांगतं की एक तास आग रोखायला स्लॅब किमान ९५ मिलिमीटर जाड हवा, दोन तासांसाठी १२५. सळईच्या खाली काँक्रीटचं कव्हर दोन तासांसाठी २५ ते ३५ मिलिमीटर हवं, स्लॅबच्या प्रकाराप्रमाणे. गळतीने गंजून सळई उघडी पडली, पंख्याच्या हुकासाठी किंवा वायरिंगसाठी कुणी छत फोडलं, की तो तास तेवढा कमी होतो. आणि राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की इलेक्ट्रिक डक्ट प्रत्येक मजल्यावर बंद केलेला हवा, तोही मजल्याइतकाच वेळ आगीला टिकेल अशा साहित्याने. तुमच्या इमारतीतला मीटरशेजारचा डक्ट उघडून बघा. आम्ही त्या सोसायटीत उघडला. तळमजल्यावरून वर पाहिलं तर सहाव्या मजल्यापर्यंत सरळ अंधार, मध्ये एकही अडथळा नाही. दाराआड चपला, झाडू, जुने टायर. इमारतीच्या मधोमध उभं केलेलं धुराडं.

६ ऑक्टोबर २०२४. चेंबूरची सिद्धार्थ कॉलनी. ही वस्ती आपल्या वाचकांना सांगायला नको, चळवळीची वस्ती. पहाटे खालच्या दुकानात आग लागली, वर घर होतं, वर झोपलेल्या एका कुटुंबातली सात माणसं गेली, त्यात लहान मुलं. खाली दुकान आणि वर संसार, ही आपल्या सगळ्या वस्त्यांची रचना आहे. जागा नाही, पोट भरायचंय. या घरांमध्ये मधला मजला सहसा स्लॅबचा नसतो. लोखंडी अँगल, त्यावर कडाप्पा नाहीतर प्लायवूड, आणि वर जायला बाहेरून नाहीतर दुकानातूनच एक उभी शिडी. उघडं लोखंड साधारण ५५० अंशांना निम्मी ताकद गमावतं. आग लागलेल्या खोलीत तेवढं तापमान काही मिनिटांत होतं. दोन तासांचा मजला कायद्याच्या पुस्तकात असतो. वस्तीत दहा मिनिटांचा मजला असतो, आणि निसटायची वाट आगीच्याच तोंडातून.

बरोबर त्याच्या एक वर्ष आधी, ६ ऑक्टोबर २०२३ ला, गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली होती. ती झोपडपट्टी नव्हती, झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत होती. मध्यरात्रीनंतर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये ठेवलेल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांना आग लागली आणि धूर वर चढला. किमान सात माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. दुसऱ्या दिवशी चॅनेलवर चर्चा काय? लोकांनी चिंध्या साठवल्या होत्या. पुन्हा 'सवयी'. अरे, जुने कपडे गोळा करून विकणं हा ज्यांचा धंदा, त्यांना तुम्ही त्या काळच्या योजनेतलं २२५ चौरस फुटांचं घर देता, आणि त्यांच्या कामाला एक फूटही जागा देत नाही. योजनेने माणसाला झोपायला जागा मोजली, त्याच्या पोटाला मोजली नाही. गठ्ठे कुठे ठेवायचे होते त्यांनी, डोक्यावर? पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेच्या अटी सैल केल्या जातात, खर्च वाचवला जातो, मग इमारत सोसायटीच्या गळ्यात मारून सगळे निघून जातात. पंप बंद, पाण्याची टाकी कोरडी. मेलेल्यांच्या नावावर चिंध्या.

३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या 'मूकनायक'मध्ये बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. परळच्या बीआयटी चाळीत त्यांचा संसार होता तेव्हाची ही गोष्ट. शंभर वर्षांनी आपल्याला खऱ्याखुऱ्या मनोऱ्यांमध्ये घर मिळतंय. जिना आहे. फक्त त्या जिन्यात कुणाची सायकल, कुणाचं कपाट आहे, टेरेसच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली सेक्रेटरीकडे आहे.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं मेली. बरेचसे स्थलांतरित, कष्टकरी, काळे, मुसलमान. मजले आणि भिंती आगीला अडवतील या भरवशावर त्यांना सुरुवातीला घरातच थांबा असं सांगण्यात आलं होतं, आणि आग बाहेरच्या स्वस्त आच्छादनावरून चढली. रहिवाशांच्या गटाने आगीचा धोका आधीपासून लिहून ठेवला होता. तिथेही तक्रार करणाऱ्यांना कटकटे समजलं गेलं.

आता आपल्या बाजूचं. कारण सगळं बिल्डरवर ढकलून हात झटकले तर हा लेख निम्माच खरा.

आमच्या ओळखीत एका तरुणाने शेजाऱ्यांच्या कटकटीला कंटाळून घराच्या छताला फोमचे ते अंड्याच्या ट्रेसारखे दिसणारे तक्ते चिकटवले. ऑनलाइन 'साउंडप्रूफ' म्हणून विकले जातात. पहिली गोष्ट, त्याने शेजाऱ्याचा आवाज थांबत नाही, फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. दुसरी गोष्ट, स्वस्त फोम पेट्रोलसारखा पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ ला किस नावाच्या नाइटक्लबमध्ये छताच्या अशाच फोमला ठिणगी लागली. २४२ मेले, बहुतेक विद्यार्थी. तो फोम काढा. आजच.

दुसरं, आवाज कमी करायला जुन्या लादीवर नवीन लादी घालणं. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांना घेऊन गेला. सहा जणांचा जीव गेला. मजल्यावर वजन वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं, मिस्त्रीला नाही. त्यापेक्षा सतरंजी अंथरा, खुर्चीच्या पायांना रबराचे बूट घाला, मिक्सरखाली चार घड्यांची जुनी गोधडी ठेवा. खरंच फरक पडतो. आजीने तेच केलं, वरवंटा नसतानाही.

आणि आपले डक्ट, आपले जिने. जयंतीच्या मंडपाचे बांबू आणि बॅनर वर्षभर जिन्याखाली ठेवणारे आपणच ना? बुद्धविहार तळमजल्यावर आहे म्हणून तिथल्या वायरिंगला कोण हात लावणार? गठ्ठ्यांसाठी जागा मागायची तर ती सरकारकडे भांडून मागू, पण तोवर जिना मोकळा ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

काही मित्र म्हणतात, समाजापुढे अॅट्रॉसिटीचे, आरक्षणाचे, खासगीकरणाचे प्रश्न असताना तुम्ही पाइपाच्या फटी काय मोजता? आम्ही उलट विचारतो : चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा खटला वाचलाय का? अनुसूचित जातींच्या घरांसाठी सरकारने जमीन घेतली, जमीनमालक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने संपादन कायम ठेवलं आणि कलम २१ मधल्या निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ सांगितला : निवारा म्हणजे डोक्यावर नुसतं छप्पर नव्हे, त्यात पुरेशी जागा आणि सुरक्षित बांधकामही येतं. आपल्याच घरांच्या निमित्ताने मिळालेला हा अर्थ आपणच वापरत नाही. घर मिळालं की लढाई संपली असं समजतो. किल्ली हातात घेतल्याचा फोटो काढतो, स्लॅबची जाडी विचारत नाही.

चेणे नदीच्या काठाने जंगलाला लागून आदिवासी पाडे आहेत. पलीकडे टॉवर उभे राहतायत. उद्या या पाड्यांना कुठल्या ना कुठल्या योजनेत 'पक्की' घरं देऊ केली जातील. तेव्हा पक्कं म्हणजे किती मिलिमीटर, किती तास, डक्ट बंद की उघडा, हे विचारणारी चार माणसं तिथे असायला हवीत. काशीमिऱ्याच्या बाजूला जनता नगर आणि काशी चर्चच्या वस्त्यांनी पुनर्वसनाच्या घरांसाठी दहा वर्षांहून जास्त वाट पाहिली आहे. इतकी वाट पाहिलेला माणस किल्ली दिसली की काही विचारत नाही, आणि हे योजनावाल्यांना चांगलं माहीत असतं.

विचारायला कायदा आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने, म्हणजे आपल्या बाबतीत सोसायटीने, दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. सभासद म्हणून त्याची प्रत मागा, लेखी. सेक्रेटरी तुमच्याकडे 'हे काय नवीन' म्हणून बघेल. त्या सोसायटीत तसंच झालं. नोटीस काढता येणाऱ्या कमिटीला फॉर्म बी हे नावही माहीत नव्हतं. दुसरा आधार रेराचा. कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करायचा असतो. पाइपाभोवतीची बोळे कोंबलेली फट आणि सहा मजले उघडा डक्ट हा दर्जातला दोष नाही तर काय आहे?

आम्ही काका, ताई आणि टेम्पोवाले दादा यांना घेऊन तसं पत्र लिहिलं. प्रत्येक घराच्या बाथरूमचे फोटो जोडायचे ठरले. काकांनी स्वतः फिरून अकरा घरांचे फोटो जमवले. नऊ घरांत तीच फट निघाली. डंबेलवाल्या मुलाने जाड रबराची मॅट आणली आणि ताईंना 'सॉरी' म्हणून गेला. त्याचे वडील अजून आमच्याशी बोलत नाहीत.

नोटीस मात्र मागे घेतलेली नाही. तोंडी 'विषय संपला' म्हणतात. लेखी द्या म्हटलं की पुढची मीटिंग. ताईंनी सांगितलंय की 'वस्तीतील सवयी' ही ओळ खोडल्याचं पत्र हातात आल्याशिवाय त्या विषय संपला म्हणणार नाहीत, आणि आम्ही त्यांच्यासोबत आहोत. बिल्डरकडे जायच्या पत्रावर कमिटीची सही अजून व्हायची आहे. ताबा मिळून चार वर्षं सात महिने झाले. पाच महिने उरलेत.

जय भीम.